उन्हाळी इंटर्नशिपचा शेंगेन व्हिसा: शनिवार-रविवारची भटकंती कुठे अडते

इंटर्नशिपचं पत्र हातात पडलं की सगळ्यात आधी नकाशा उघडतो. काम म्युनिकला, मग एका शनिवारी साल्झबुर्ग, एकदा प्राग, जमलं तर पॅरिस. यात गैर काहीच नाही, हे सगळं नियमात बसतं, कारण ही शहरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. पण ही भटकंती अर्जात किती दाखवायची आणि हाती आलेल्या व्हिसावर ती चालते का, इथे मुलं दर वर्षी अडखळतात. काहींचा अर्जच नाकारला जातो, तर काहींना व्हिसा मिळूनही परत येताना सीमेवर अडवतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

आधी दिवस मोजा, महिने नाही

मुक्काम ९० दिवसांपर्यंत असेल तर ‘सी’ व्हिसा, त्याहून जास्त असेल तर त्या देशाचा ‘डी’ व्हिसा. नियम इतका सरळ आहे, तरी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण पत्रात लिहिलेलं असतं ‘तीन महिने’. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात आणि ‘सी’ व्हिसावर ते बसत नाहीत. १ जूनला पोहोचलात तर २९ ऑगस्टला बाहेर पडायलाच हवं, कारण पोहोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. पत्र हातात येताच तारखा मोजा आणि दोन-तीन दिवस जास्त होत असतील तर यजमान संस्थेला लगेच कळवा. संस्थेला तारखा दोन दिवस अलीकडे आणणं सोपं असतं, वकिलातीला तेच पटवणं फार अवघड.

दुसरी मेख १८० दिवसांची. हे ९० दिवस कुठल्याही १८० दिवसांत मिळून असतात आणि ती मोजणी रोज पुढे सरकते. २९ ऑगस्टपासून मागे मोजलं तर ती ३ मार्चपर्यंत जाते. म्हणजे एप्रिलमध्ये पाच दिवसांच्या परिषदेसाठी इटलीला जाऊन आला असाल, तर उन्हाळ्यासाठी उरले ८५. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के बघून अधिकारी हिशोब करत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गम प्रणालीत तो संगणक करतो, त्यामुळे एखादा दिवस नजरेआड होईल या आशेवर राहू नका.

अर्ज कोणत्या देशाकडे

जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे. काम जर्मनीत असताना अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. इंटर्नशिपचं पत्र एका देशाचं आणि अर्ज दुसऱ्याकडे, ही विसंगती पहिल्याच नजरेत दिसते.

‘सी’ व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. हे ‘१५ दिवस’ अनेकांना आश्वासक वाटतात, आणि तिथेच घात होतो. निर्णयाची मुदत साधारण १५ दिवस असली तरी ती ४५ पर्यंत वाढू शकते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणंच मुश्किल असतं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. बँक स्टेटमेंट, कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र, पालक खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र आणि आयकर विवरण. यात फारसं कुणी अडत नाही. अडतात ते पुढच्या तीन कागदांवर.

पहिला, राहण्याचा पुरावा. मे महिन्यात अर्ज करताना ऑगस्टपर्यंतची खोली कुणाकडेच पक्की नसते, तरी कागद मात्र पूर्ण मुदतीचा लागतो. वसतिगृहाचं किंवा यजमान संस्थेचं पत्र सगळ्यात भक्कम, आणि त्यात पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंतच्या तारखा असायला हव्यात. फ्रान्समध्ये ओळखीच्या कुणाच्या घरी राहणार असाल तर साधं पत्र चालत नाही. त्या यजमानाला तिथल्या नगरपालिकेत जाऊन ‘आतेस्तासियों दाक्युय’ नावाचा कागद काढावा लागतो, आणि त्यात काही आठवडे जाऊ शकतात. हे कुणी आधी सांगत नाही, आणि मग अपॉइंटमेंटच्या दिवशी पोरं रिकाम्या हाताने उभी असतात.

दुसरा, विमा. किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असलेला. कामाच्या संस्थेने दिलेला विमा पुष्कळदा त्या एका देशापुरताच असतो. पॉलिसीवर ‘सर्व शेंगेन देश’ असे शब्द आहेत का, ते स्वतः वाचा. ‘डी’ व्हिसावाल्यांनी तर दोनदा वाचा, कारण प्रागमध्ये पाय मोडला तर फक्त जर्मनीपुरता असलेला विमा कामाला येणार नाही.

तिसरा, कामाची परवानगी. ‘सी’ व्हिसा म्हणजे काम करायची मुभा नव्हे. परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्यांना जर्मनीत अभ्यासाशी निगडित इंटर्नशिप करायची तर बहुतेक वेळा तिथल्या सरकारी रोजगार संस्थेची संमती लागते, आणि ती यजमान संस्थेने मागवायची असते. त्यांना आठवण करा, संकोच करू नका.

शनिवार-रविवार अर्जात कसे लिहायचे

लपवू नका आणि फुगवूही नका. मुक्कामाच्या सगळ्या रात्री कामाच्या शहरात दाखवा आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळी लिहा: सुट्टीच्या दिवशी जवळची शहरं पाहण्याचा विचार आहे, मुख्य मुक्काम इथेच. दहा शहरांच्या हॉटेलांची बुकिंगं जोडली की प्रवासाचा हेतू नेमका काय, असा प्रश्न उभा राहतो. नकाराच्या छापील पत्रावर मग ‘मुक्कामाचा हेतू व अटी सिद्ध झाल्या नाहीत’ या चौकटीत एक खूण येते, बस्स. नेमका कोणता कागद खटकला, हे त्या खुणेवरून विद्यार्थ्याने कसं ओळखायचं?

लंडन किंवा डब्लिन मनात असेल तर मात्र अर्जातच अनेक प्रवेश, म्हणजे बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची मुभा, मागा आणि कारण द्या. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि तो निघण्याआधीच काढलेला बरा, नाहीतर भर उन्हाळ्यात पासपोर्ट अर्जासोबत अडकून पडतो. शिवाय एकाच प्रवेशाच्या शेंगेन व्हिसावर पॅरिसहून लंडनला गेलात की तो व्हिसा संपला. परत येताच येत नाही, मग नोकरी, खोली, सामान सगळं पलीकडे राहतं. इस्तंबूल, बेलग्रेड किंवा अँडोराला गेलात तरी एका प्रवेशाचा व्हिसा असाच संपतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे झुरिकला जायला अडचण नाही. व्हॅटिकन आणि मोनाकोला जातानाही पासपोर्ट तपासणी नसते.

व्हिसाचा स्टिकर हातात आल्यावर

केंद्राच्या दारातच उभं राहून तीन रकाने वाचा. पहिला, कुठे वैध: तिथे ‘शेंगेन देश’ या अर्थाचा शब्द त्या देशाच्या भाषेत असतो. त्याऐवजी एखाद्या देशाचंच नाव असेल तर तुमची भटकंती तिथेच थांबली. दुसरा, प्रवेशांची संख्या. तिसरा सगळ्यात फसवा, मुक्कामाचे दिवस. समजा व्हिसा १ जून ते १४ ऑगस्ट असा आहे आणि दिवसांच्या रकान्यात ६० लिहिलंय. १ जूनला गेलात तर ३० जुलैला निघायचं. पुढचे १५ दिवस प्रवास लांबणीवर पडला तर म्हणून दिलेली सवड आहे, फिरायला दिलेली जादा सुट्टी नाही. ‘चौदापर्यंत व्हिसा आहे ना’ म्हणत थांबलेल्यांना विमानतळावर खुलासे देताना फार त्रास होतो, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी आडवी येते.

‘डी’ व्हिसावर त्या देशाबाहेर इतर शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं, त्यामुळे शनिवार-रविवारची चिंता नको. फक्त काम संपल्यावर ‘आता पंधरा दिवस युरोप’ असा बेत असेल तर तेवढे दिवस त्याच ‘डी’ व्हिसाच्या मुदतीत बसले पाहिजेत.

शेंगेनच्या आत सीमा ओलांडतानाही मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली, आणि रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढले की मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.