घर घेताना दलाल निवडणे: नोंदणी, कागदपत्रे आणि इसारापूर्वीची तपासणी

आर्वी, दर्यापूर, पुसद अशा तालुक्यांतील गावांत घर घेणाऱ्याचे कर्जप्रकरण बँकेतून परत येते, तोवर इसाराची रक्कम बहुधा देऊन झालेली असते आणि दलालाने दाखवलेला कागद एकच असतो, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. या उताऱ्यात मालकाच्या नावाचा रकाना असल्यामुळे तो मालकीचा पुरावा वाटतो. प्रत्यक्षात ती कर आकारणीची नोंद आहे. गावठाणातील घरासाठी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा गावठाणातील घरांची मोजणी करून मालकीपत्र देणाऱ्या स्वामित्व योजनेतील सनद, तसेच विक्रेत्यापर्यंत मालकी कशी आली हे दाखवणारे नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र वा वारसनोंद मागावी. हे कागद मागितल्यावर जो दलाल ‘गावात असंच चालतं’ म्हणून विषय टाळतो, त्याच्यामार्फत व्यवहार करू नये, मग तो नात्यातला का असेना.

ले-आऊटमधील प्लॉट वा बांधलेले घर महारेरात (महाराष्ट्र स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातील असेल, तर 2016 च्या रेरा कायद्यातील कलम 9 प्रमाणे दलालाचीही नोंदणी आवश्यक आहे आणि ती 5 वर्षे वैध असते. दलालाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने, तर प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. फलकावरील ‘पी’चा क्रमांक दलाल स्वतःचा म्हणून सांगतात आणि लोक तो मान्य करतात, म्हणून दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर नाव व मुदतीसह तपासावेत. गावठाणातील एकट्या जुन्या घराला ही अट लागू नाही. तिथे क्रमांक नसणे हा दलालाचा दोष नव्हे. ले-आऊटसाठी अकृषक (एनए, म्हणजे शेतीऐवजी इतर वापराचा) आदेश व मंजूर नकाशा हातात पडल्याशिवाय ‘एनए होत आहे’ या शब्दावर विसंबू नये.

इसार 20,000 रुपये किंवा अधिक असेल, तर तो रोखीने न देता बँकेमार्फत द्यावा आणि दलालीची रक्कम इसारचिठ्ठीसोबतच लेखी ठरवावी.

मुदतीबाबत फार गैरसमज आहे. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याची 4 महिन्यांची मुदत दस्तावर सह्या झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, इसाराच्या तारखेपासून नव्हे. नोंदणीनंतरही फेरफार, म्हणजे सरकारी नोंदीत नव्या मालकाचे नाव चढवणे, बाकी राहतो, आणि नेमके त्याच वेळी दलाल फोन उचलेनासा होतो. म्हणून दलालीचा शेवटचा हप्ता खरेदीदाराच्या नावाचा उतारा मिळाल्यावरच देण्याची अट आधीच लिहून घ्यावी.