हंटिंग पॅकची फ्रेम आणि बॅग: हे प्रकरण इथवर आलं कसं

अमेरिकेत शिकाऱ्यांसाठी बनणाऱ्या सॅका आपल्याकडच्या ट्रेकवाल्यांना हल्ली व्हिडिओंमुळे चांगल्याच माहीत झाल्यात. कुणाचा भाऊ डेन्व्हरला असतो, कुणाची भाची सिएटलला, येताना एक घेऊन ये म्हणून निरोप जातो, आणि मग दादर-ठाण्याच्या मंडळींत वाद सुरू होतो की हिची फ्रेम, म्हणजे सॅक ताठ ठेवणारा सांगाडा, आत धरायची की बाहेर, बॅग ८० लिटरची घ्यावी की ५० ची पुरे, आणि बॅग अन् फ्रेमच्या मधे ती मोकळी जागा कशाला सोडलीय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तिथे मांस बांधतात. बाकीचे दोन वाद मात्र त्या जागेचा इतिहास बघितल्याशिवाय सुटत नाहीत.

आपल्याकडच्या शिकारीतून असली सॅक कधी निघालीच नाही आणि त्याला कारण आहे. साहेब असो की संस्थानिक, ओझं त्याच्या पाठीवर नसायचंच. हाकारे घालणारे, मचाण बांधणारे, पडलेलं जनावर वाहून आणणारे सगळे आसपासच्या गावांतले, कित्येकदा वेठबिगारीवर धरलेले. रानडुक्कर पडलं की पाय बांधून बांबूत अडकवायचं आणि दोघांनी खांद्यावर घ्यायचं, झालं. डोक्यावर चुंबळ, खांद्याला कावड, हिमालयात कपाळाच्या पट्ट्यावर टोपली, वाहायच्या पद्धती आपल्याकडे भरपूर, पण शिकारी एकटा, गाडीरस्ता दोन डोंगर पलीकडे आणि जनावर त्याच्यापेक्षा तिप्पट जड, अशी वेळ इथल्या बंदूकवाल्यावर आली नाही. पुढे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राण्यांचा कायदा, मग १९७२ चा केंद्राचा, आणि परवान्याची उरलीसुरली फट १९९१ च्या दुरुस्तीने बुजली, त्यामुळे इथे तो विषय संपला.

फार जुन्या काळात शिरत नाही. आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू आकारात वाकवलेली काठी आणि दोन फळ्या मिळाल्या, बऱ्याच अभ्यासकांनी ती पाठीवरची फ्रेम मानलीय, काहींना ते पटत नाही. आपल्याला कामाची गोष्ट १९०८ च्या नॉर्वेतली. शिकारीला गेलेला एक माणूस पाठीत रुतणाऱ्या पिशवीला वैतागला, त्याने फांदी पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवून पिशवीमागे बांधली, पुढे त्याचीच धातूची फ्रेम करून पेटंट घेतलं. ब्रिटिश सैनिक आजही मोठ्या सॅकला त्याच्याच नावावरून आलेल्या शब्दाने ओळखतात. म्हणजे फ्रेमवाल्या सॅकचा उगम निदान एका बाजूने तरी शिकारीतच आहे, गिर्यारोहणवाले नंतर आले.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात लाकडी पॅकबोर्ड पेटंट झाला. मूळ कल्पना अलास्कातल्या आदिवासींच्या बोर्डाची. लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास म्हणजे लाकूड पाठीला लागत नाही, आणि कॅनव्हासची बॅग चौकटीला लांब तारांनी अडकवलेली. तार ओढली की बॅग सुटी, मोकळ्या चौकटीला हवं ते बांधा, पेटी, सापळे, हरणाची तंगडी. आज 'मॉड्युलर सिस्टीम' म्हणून जे महागात विकलं जातं त्यातलं निम्मं इथेच आलेलं होतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मग १९५१ ची कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांतली गोष्ट, ही बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. एका ट्रेकरने लाकडी फ्रेमची खालची टोकं जीन्सच्या मागच्या खिशात खोचली आणि खांद्यावरचा भार एकदम हलका झाला, वजन कमरेवर गेलं. त्यातून कमरेचा पट्टा आला, १९५२ पासून कॅलिफोर्नियात एका जोडप्याने घरातूनच विमानाच्या ॲल्युमिनियम नळीची वाकदार फ्रेम आणि नायलॉनची बॅग विकायला सुरुवात केली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं सॅक म्हणजे हीच. आपल्याकडे जुन्या मंडळींनी ॲल्युमिनियम पाइपच्या ज्या सॅका वापरल्या त्या याच घराण्यातल्या. कसारा लोकलमध्ये वरच्या नळीचं टोक कुणाच्या तरी कानाला लागायचंच, म्हणून मालडबा बरा.

१९६७ मध्ये एका गिर्यारोहकाने फ्रेम बॅगेच्या आत घातली. कड्यावर चढताना, स्कीइंग करताना सॅक अंगाला चिकटून राहायला हवी, बाहेरची नळी डुलते, अडकते, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात बाजार पूर्ण तिकडे वळला. विमानाच्या सामानात बाहेरची फ्रेम वाकून यायची हेही एक कारण, दुकानात आतली फ्रेम देखणी दिसायची हे दुसरं, आणि माझ्या मते हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं. बाहेरची (एक्स्टर्नल) फ्रेम म्हणजे जुनाट, स्काउटच्या पोरांची, असं ठरूनच गेलं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे शिकारी मात्र वळले नाहीत. त्यांच्याकडे 'फ्रेटर' फ्रेम होती, म्हणजे नुसती ॲल्युमिनियमची चौकट आणि खाली आडवी फळी, बॅग नाहीच. किंवा सत्तरच्या दशकात अमेरिकी सैन्यात आलेली नळीची फ्रेम, जी पुढे सैन्याचं जादा सामान विकणाऱ्या सरप्लसच्या दुकानात स्वस्तात मिळायची. दिवसभर छोटी पिशवी घेऊन फिरायचं, जनावर पडलं की तळावर किंवा गाडीपाशी जाऊन फ्रेम आणायची आणि मग वाहतूक सुरू. गणित बघा, एल्क नावाच्या थोराड हरणाच्या मोठ्या नराचं हाडाविना मांसच साधारण ८० ते १०० किलो निघतं, एकट्या माणसाच्या तीन-चार फेऱ्या. आतल्या फ्रेमची ट्रेकिंगची सॅक, फोमचा पत्रा आणि दोन पट्ट्या, ३० किलोच्या पुढे पाठीवर कोसळते, कमरेचा पट्टा घसरतो आणि सगळं खांद्यांवर येतं. २५-३० किलोपर्यंत ती सुखाची, पुढे नाही.

२००० नंतर, सैन्यासाठी आणि वणवा विझवणाऱ्यांसाठी सॅका शिवणाऱ्या लोकांनी दोन्ही घराणी एकत्र केली. उभ्या दिशेने न वाकणारी पण पाठीबरोबर थोडी पिळवटणारी पातळ फ्रेम, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मग कॉम्पोझिट, टायटॅनियम, कार्बन फायबर. बॅग तिच्यावर बकलांनी अडकवलेली. फ्रेम हलकी झाल्यामुळे ती दिवसभर पाठीवर ठेवणं परवडायला लागलं आणि तळावर परत जायची एक फेरी वाचली. ही आत की बाहेर? बॅगेपासून सुटी होते म्हणून बाहेरची, अंगाला चिकटते म्हणून आतली, दोन्ही बाजूंचे लोक हट्टाने आपलंच नाव लावतात आणि कारखाने सोयीप्रमाणे दोन्ही लावतात. खरेदीला या नावाचा काडीचा उपयोग नाही.

खरा वाद दुसराच आहे, मांस बॅगेच्या आत की बॅग आणि फ्रेमच्या मधे. हा मधला कप्पा, ज्याला ते 'लोड शेल्फ' म्हणतात, आता जवळजवळ प्रत्येक हंटिंग पॅकला असतो, म्हणून वाद मिटला असं वाटतं, पण मिटलेला नाही. शेल्फवाल्यांचं म्हणणं असं की जड वस्तू मणक्याला जितकी चिकटून तितकी हलकी वाटते, आणि परतीला सर्वात जड वस्तू मांसच असतं, मग तेच फ्रेमला लागून हवं. रक्त बॅगेत सांडत नाही, झोपायची पिशवी आणि कपडे स्वच्छ राहतात. शिवाय मांस थंड व्हायला हवं, हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत भरून मोकळ्यावर बांधलं तर गार होतं, नायलॉनच्या बॅगेत कोंबलं तर आतली ऊब तशीच राहते आणि हाडाजवळून ते नासायला लागतं. समोरच्यांचं म्हणणं, शेल्फमध्ये ३५ किलो घातलं की मागची बॅग वीतभर लांब ढकलली जाते, तंबू-स्टोव्ह-अन्नाचं १५ किलो मागे लोंबतं आणि उतारावर माणूस मागे खेचला जातो. मोठी बॅग घ्या, तळाला झोपायची पिशवी, तिच्यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीत मांस, वर बाकीचं, सगळं एका पोत्यात घट्ट. थंडीच्या मोसमात आणि अंतर कमी असेल तर हेही चालतं, नाही असं नाही.

यात कायद्याने गुंता वाढवला. अलास्कात खाण्याजोगं मांस सोडून यायला बंदी आहे, शिंगं मांसाच्या आधी बाहेर आणता येत नाहीत, आणि काही भागांत मांस हाडासकटच जंगलाबाहेर आणायचं असतं. मूस या त्याहून थोराड हरणाची मागची तंगडी हाडासकट ४५ किलोच्या पुढे जाऊ शकते, ती कुठल्याच बॅगेत नीट बसत नाही, फ्रेमलाच बांधावी लागते. हाडामुळे ती ताठ राहते, तीन पट्ट्यांत पक्की बसते. उलट खाली कोलोरॅडो वगैरेकडे हरणांना होणारा एक मेंदूचा असाध्य रोग, जो १९६७ च्या सुमारास तिथल्याच पाळीव हरणांत पहिल्यांदा दिसला, तो पसरू नये म्हणून बऱ्याच राज्यांनी मेंदू आणि पाठीचा कणा बाधित भागाबाहेर न्यायला बंदी घातली. मग शिकारी जागेवरच मांस सोडवायला लागले, आणि एकदा सुरी हातात घेतल्यावर हाडांचं वजन तरी कशाला वाहायचं म्हणून तंगड्यांचीही हाडं काढायला लागले. हाडाविना मांस हलकं खरं, पण ते ओल्या गोधडीसारखं खाली बसतं, कितीही आवळा, तासाभरात कमरेच्या मागे गोळा. म्हणून शेल्फला खालून कापडी झोळी आली, आडवे पट्टे वाढले. म्हणजे कुठली फ्रेम-बॅग चांगली याचं उत्तर कुठल्या राज्यात कुठलं जनावर यावर आहे, आणि हे रिव्ह्यूवाले क्वचितच सांगतात. मला विचाराल तर शेल्फच, फक्त मागच्या बॅगेत हलकं सामान ठेवायची शिस्त हवी.

या वादामुळेच बॅगेचा आकार बदलला. अमेरिकन पॅकवर क्यूबिक इंच लिहिलेले असतात, एक लिटर म्हणजे ६१, त्यामुळे ५००० चा पॅक साधारण ८२ लिटर आणि ७००० चा ११५ च्या आसपास. मांस आत ठेवायचं होतं तोवर मोठे आकडे खपायचे. शेल्फ आल्यावर बॅग फक्त स्वतःच्या सामानापुरती, ४-५ दिवसांना ६० ते ८० लिटर पुष्कळ. त्यात एक खोच आहे, काही जण बाहेरचे खिसे आणि वरचं टोपण धरून आकडा सांगतात, काही नुसत्या मुख्य कप्प्याचा, म्हणून दोन ब्रँडचे ८० लिटर शेजारी ठेवले तर सारखे दिसतीलच असं नाही.

फ्रेमच्या उंचीचं इतकं गुंतागुंतीचं नाही. मानेखालचं उठून दिसणारं हाड ते कमरेच्या हाडाची वरची कड, हे माप घ्यायला डोकं झुकवून दुसऱ्याकडून टेप लावून घ्यायची. फ्रेम खांद्याच्या चांगली वर जायला हवी, नाहीतर खांद्यावरचा भार उचलून धरणारे ते छोटे लोड लिफ्टर पट्टे ओढून काही उपयोग नसतो, ते वरून तिरके खाली यायला हवेत. अमेरिकेतल्या फ्रेम बहुतेक २४ ते २६ इंचाच्या, आपल्याकडच्या पाच फूट तीन-चार इंचाच्या माणसाला २६ इंची फ्रेम फांदीत अडकते. कापड बहुधा ५०० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन, कारण झुडपात घासल्यावर आवाज कमी होतो. लॅमिनेटचं, म्हणजे थर चिकटवून केलेलं हलकं कापड कडकडतं म्हणून शिकारी नाक मुरडतात, पण पावसात तेच बरं, आणि सह्याद्रीत जनावराला आवाज जातो की नाही याची फिकीर करायचं कारण नाही.

इथे या सॅका घेणारे दोन प्रकारचे. एक हौशी, त्यांच्याबद्दल काय बोलणार. दुसरे खरंच ओझं वाहणारे, म्हणजे अलंग-मदन-कुलंगला दोर आणि लोखंड नेणारे, मोठ्या ग्रुपची पातेली आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन गडावर चढवणारे, रेस्क्यूला स्ट्रेचर घेऊन पळणारे. त्यांना शेल्फ चपखल बसतो, पाण्याचा कॅन तिथे ठेवला की पाठीला लागून राहतो. पण रिकामी सॅकच अडीच-तीन किलोची असते, राजमाचीच्या एका रात्रीला ती नेण्यात काही अर्थ नाही. बऱ्याच कंपन्या फ्रेम आणि बॅग वेगवेगळी विकतात, म्हणून काही जण तिकडून फक्त फ्रेम आणि कमरेचा पट्टा मागवतात, पाहुण्यांच्या २३ किलोच्या बॅगेत ती तिरकी बसते, आणि बॅग इथल्या कारागिराकडून शिवून घेतात. त्यात एकच बघायचं, बकलं फ्रेमच्या मापाची हवीत, तिकडे बऱ्याच फ्रेमचे कापडी पट्टे एक इंची असतात.