कोलनी हॅच मनोरुग्णालय

कोलनी हॅच मनोरुग्णालय : उत्तर लंडनमधील व्हिक्टोरियाकालीन सार्वजनिक मनोरुग्णालय. हॅनवेल येथील मनोरुग्णालयातील (१८३१) जागा अपुरी पडू लागल्यावर मिडलसेक्स परगण्याने गरीब रुग्णांसाठी ही दुसरी संस्था काढली. तिची कोनशिला १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती राजपुत्र अल्बर्ट यांच्या हस्ते बसवण्यात आली आणि १८५१ मध्ये रुग्ण दाखल होऊ लागले.

वास्तुविशारद सॅम्युअल डॉक्स यांनी इटालियन धर्तीचा आराखडा केला. मध्यभागी घुमटयुक्त मुख्य भाग, एका अंगाला पुरुषांचे तर दुसऱ्या अंगाला स्त्रियांचे वॉर्ड अशी मांडणी असून दर्शनी बाजू अर्ध्या किलोमीटरहून लांब होती. लांब मार्गिकेच्या कडेने खोल्या काढण्याच्या या पद्धतीत मार्गिका हीच रुग्णांच्या दिवसभराच्या वावराची जागा असे. तेथील उदासवाण्या वातावरणाचे मूळ अशा आराखड्यातच होते, असे एक मत आहे. परंतु गर्दीचा त्यात मोठा वाटा होता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आरंभी सु. १,२५० रुग्णांची सोय होती. १८६० पूर्वीच विस्तार करून ती सु. २,००० वर नेण्यात आली. अवाढव्य मनोरुग्णालयांना जॉन कॉनली यांच्यासारख्या सुधारकांचा विरोध होता. मात्र परगण्याला माणशी खर्च कमी हवा होता, म्हणून नवी संस्था काढण्याऐवजी जुनीच वाढवली गेली. पुढे मार्गिका-पद्धत मागे पडली. क्लेबरी येथील मनोरुग्णालयात (१८९३) वास्तुविशारद जॉर्ज हाइन यांनी वॉर्ड पायऱ्यांसारखे एकामागे एक सरकवून प्रत्येकाला ऊन-वारा मिळेल अशी योजना केली. कोलनी हॅचच्या मूळ इमारतीत तसा बदल करण्यास वाव नव्हता.

१८८९ मध्ये व्यवस्थापन लंडन काउंटी कौन्सिलकडे गेले. वाढत्या स्त्री रुग्णांसाठी १८९६ च्या सुमारास लाकूड व पत्रा वापरून तात्पुरती इमारत उभारण्यात आली. ती सात वर्षे वापरात राहिली, ही गोष्ट अक्षम्य म्हणावी लागेल. २७ जानेवारी १९०३ रोजी पहाटे तिला आग लागली. लाकडी भिंतींमुळे ती झपाट्याने पसरली आणि पन्नासहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर पक्क्या विटांचे स्वतंत्र बंगले बांधण्यात आले.

१९३७ च्या सुमारास संस्थेला फ्राइर्न हे नाव मिळाले. रुग्णांवर वस्तीतच उपचार करण्याच्या धोरणानुसार ती १९९३ मध्ये बंद झाली. संरक्षित मुख्य इमारतीत आता निवासी सदनिका आहेत.