एका चिमटीत आठ गुंठे

जयसिंगपुरात माझ्या चुलतबहिणीचं एकमजली घर आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात गेलो तेव्हा तिनं हॉलमधला तडा दाखवला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तो तिरका छतापर्यंत गेला होता. खाली बारीक, वर रुंद. वरच्या टोकाला पाच रुपयांचं नाणं सहज उभं आत जात होतं. कुणीतरी सांगितलं की ईशान्येला संडास आलाय, वास्तुदोष आहे. जूनच्या सुरुवातीला वास्तुशांत करून घेतली. ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेलो, तर तडा खरोखरच मिटला होता. नख घालायलाही जागा नव्हती.

"बघ दादा, पडला का नाही फरक?" ती म्हणाली.

फरक पडला होता, पण तो पावसानं. या एप्रिलमध्ये तडा त्याच जागी, त्याच तिरकेपणानं पुन्हा उघडला. शांतीचे पैसे गेले त्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. घर दर वर्षी आपल्याला काहीतरी सांगतंय आणि ते ऐकण्याऐवजी आपण संडास फोडायच्या गोष्टी करतो. हा लेख त्यासाठीच.

भिंतीला तडा गेला की "पाया खचला" असं आपण म्हणतो. जयसिंगपूरच्या आसपास, शिरोळ, हातकणंगलेच्या काळ्या रानात ही निम्मीच गोष्ट झाली. तिथं घर उन्हाळ्यात खाली बसतं आणि पावसाळ्यात वर उचललं जातं.

काळं रान आपलं आपणच नांगरतं, असं शेतकरी म्हणतात. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पाऊस आला की सगळं फुगून भेगा मिटतात. हीच माती पन्हाळ्यावर का नाही? तिथं तर तांबडा जांभा. मूळ खडक मात्र दोन्हीकडे एकच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट. फरक केला तो पावसानं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. घाटमाथ्यावर इतकं पाणी मुरून वाहून गेलं की खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा धुऊन निघाली आणि लोखंड व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. जांभा तसा झाला. राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवरचं बॉक्साइटही त्यातलंच. पूर्वेच्या सपाटीवर पाऊस कमी आणि निचरा मंद, म्हणून खडकातून सुटलेलं बरंचसं तिथंच राहिलं. त्यातून एक वेगळंच खनिज जन्माला आलं: माँटमोरिलोनाइट.

या खनिजावर माझा जीव आहे, त्यामुळे इथं जरा थांबतो.

चिकणमातीचे कण वाळूसारखे दाणे नसतात. अभ्रकासारखे पापुद्रे असतात. माँटमोरिलोनाइटचा एक पापुद्रा तीन थरांचा असतो, वर आणि खाली सिलिका, मध्ये ॲल्युमिना. तिन्ही मिळून जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मधल्या थरात ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमनं घेतलेल्या असतात. ॲल्युमिनियमवर तीन धनभार, मॅग्नेशियमवर दोनच. म्हणजे अशा प्रत्येक अदलाबदलीला एक धनभार कमी पडतो आणि अख्खा पापुद्रा ऋणभारित राहतो. ही तूट भरायला कॅल्शियम किंवा सोडियमचे धन आयन येतात, पण त्यांना पापुद्र्याच्या आत जागा नसते. ते दोन पापुद्र्यांच्या फटीत बसतात.

आता पाणी. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. फटीतल्या आयनांभोवती हे रेणू गुळाला मुंग्या लागाव्यात तसे गोळा होतात आणि पापुद्र्यांना बाजूला सारून जागा करून घेतात. हे टप्प्याटप्प्यानं होतं. कोरड्या मातीत एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर एक नॅनोमीटर असतं. पाण्याचा एक थर शिरला की सव्वा, दुसरा शिरला की दीड, तिसरा शिरला की जवळजवळ दोन. तीन थरांत अंतर दुप्पट! त्यापुढे परासरण चालू होतं. फटीत आयनांची दाटी, बाहेरच्या पावसाच्या पाण्यात ते जवळपास नाहीतच, म्हणून पाणी आत ओढलं जातं. कॅल्शियमवर दोन भार असल्यामुळे तो दोन पापुद्र्यांना थोडंफार धरून ठेवतो. सोडियम एकभारी, त्याची पकड सुटते आणि पापुद्रे पार विलग होऊ शकतात. उसाला पाणी पाजून पाजून शिरोळकडची जी रानं क्षारपड झाली, त्यांतली सोडियम चढलेली माती अशीच जास्त फुगते.

पापुद्रे इतके पातळ आणि दोन्ही बाजूंनी पाणी धरणारे, म्हणून त्यांचं क्षेत्रफळ अफाट असतं. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला आठशे चौरस मीटरपर्यंत. म्हणजे चिमटीत मावणाऱ्या मातीत जवळपास आठ गुंठे! जांभ्यातल्या केओलिनाइटचे पापुद्रे दोन थरांचे. त्यांच्यावर असा भार जवळपास नसतो आणि ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. पाण्याला मधे शिरकाव नाही. म्हणून पन्हाळ्याच्या तांबड्या मातीतल्या घरांना हा आजार होत नाही.

बहिणीचा मुलगा स्थापत्य अभियंता आहे. दोन वर्षांपूर्वी तो गावातल्याच एका लहान इंजिनिअरिंग फर्ममध्ये लागला. फर्मची कामं गावाच्या मापाची: शाळेच्या खोल्या, दूध संकलन केंद्र, सहा-सात रो हाउस, कुणाचं तरी कंपाउंड. मी त्याला विचारलं, सगळ्यात अवघड काम कोणतं? मला वाटलं चार मजली इमारत म्हणेल.

"न्हाई मामा, मोठ्या बिल्डिंगचं टेन्शन न्हाई. एकमजली घर आणि कंपाउंडची भिंत, ह्यांचीच भीती."

गणित मांडलं की त्याचं म्हणणं पटतं. एकमजली घराची भिंत पायाखालच्या मातीवर चौरस मीटरला चार-पाच टन भार टाकते. फुगणारी काळी माती चौरस मीटरला दहा-वीस टनांनी, कधी त्याहून जास्त दाबानं वर ढकलू शकते. हलकं घर उचललं जातं. जड इमारतीचा पाया मुळात खोल, मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलेला असतो आणि वरून भारही भरपूर. गरीब माणूस कमी खर्चात, उथळ पायावर, हलकं घर बांधतो आणि तडे त्यालाच जातात.

तडा तिरका का, हेही आता कळेल. घराच्या मध्यभागाखालची माती सावलीत असते, तिची ओल टिकते. कडेची माती उन्हात वाळून आक्रसते. मे महिन्यात घराच्या कडा खाली बसतात, मधला भाग तसाच उंच राहतो. भिंत पालथ्या पळीसारखी वाकते, वरच्या बाजूला ताणली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून फाटते. पावसात कडा फुगून वर आल्या की तडा मिटतो. ताई, शांत जूनमध्ये झाली होती. तीच डिसेंबरात केली असती तर?

माती फुगणारी आहे का, हे ओळखायची भारतीय मानकातली चाचणी इतकी साधी आहे की शाळेतही करता येईल. भाच्यानं ती माझ्यासमोर केली. ०.४२५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली माती, दोन वेळा दहा-दहा ग्रॅम. शंभर मिलिलिटरचे दोन मोजपात्र. एकात रॉकेल, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी. माती घालून ढवळायची आणि चोवीस तास ठेवायची. रॉकेलचे रेणू पाण्यासारखे ध्रुवीय नसतात, त्यामुळे ती माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये माती १० च्या रेघेवर होती, पाण्यात १९ वर. म्हणजे नव्वद टक्के फुगवण. पन्नासच्या वर गेलं की सावध व्हायचं. एवढ्या चाचणीसाठी पाया खणायच्या आधी एक दिवस थांबायला आपण तयार का नसतो?

रो हाउसच्या साइटवर अंडररीम पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, चालू होते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं खास आपल्या काळ्या मातीसाठी ही पद्धत रुजवली. दोन माणसं ऑगरचा, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाचा, आडवा दांडा फिरवत होती, मधूनमधून काळी चिकट माती वर येत होती. भोक तीस सेंटिमीटर व्यासाचं, जवळपास चार मीटर खोल. ऋतूंचा परिणाम साधारण साडेतीन मीटरपर्यंतच जाणवतो, म्हणून त्याच्याखाली जायचं. मग तळाशी पात्यांचं अवजार उघडून भोक पंचाहत्तर सेंटिमीटरपर्यंत फुगवायचं आणि सळई सोडून काँक्रीट भरायचं. वरची माती फुगून पाइलला वर ओढू लागली, तरी खालचा कंद स्थिर मातीत अडकलेला असतो. पाइलवर बीम, बीमवर भिंत. एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. भाचा वाकला आणि त्यानं बीमखाली सबंध तळहात सरकवला. बीम आणि जमीन यांच्यात सात-आठ सेंटिमीटर जागा मुद्दाम सोडली होती, माती फुगली तर फुगू दे, बीमला लागायला नको म्हणून.

"गवंडी रोज विचारतोय, ही फट मुरूम टाकून बुजवू का. रोज सांगतो, न्हाई."

बहिणीच्या घराखाली आता पाइल घालता येणार नाही. तिथं ओल समान ठेवणं एवढंच हातात आहे. गच्चीचं पाणी पायाशी पडतं ते पाइपनं लांब न्यायचं, गळणारी मोरी दुरुस्त करायची आणि घराभोवती दीड-दोन मीटर रुंद फरसबंदी करायची, म्हणजे कडेची माती उन्हात वाळणार नाही आणि पावसात एकदम भिजणार नाही. जुन्या घरांच्या चारी बाजूंच्या पडव्या हेच काम करत असत. फरशी मात्र आत्ता कोरड्या मातीवर घालायची नाही. पावसाळा सरल्यावर, रानात ओल असताना, दिवाळीच्या आधी घालायचं ठरलंय.

तोवर भाच्यानं तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. अंतर दर महिन्याला मोजायचं आणि भिंतीवरच लिहायचं. मोजायचं काम बहिणीनं स्वतःकडे घेतलंय. पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे: १२ मे, साडेतीन मिलिमीटर.