इतिहासात पीएचडी करायचीय? आधी एमए नीट निवडा

मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझमधल्या कलिना संकुलात चौकशीला येणारे बहुतेक जण विचारतात, ‘पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) कधी आहे?’ त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच : एमए कशात आणि कुठून?

पीएचडीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या बीएनंतर दोन वर्षांचं किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं एमए लागतं, किमान ५५ टक्क्यांसह. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. नेटसाठी (यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) ५५ म्हणजे ५५च, ५४.९ चालत नाहीत. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमएशिवायही अर्ज करता येतो. इतिहासात मात्र ही घाई करू नये असं मला वाटतं. मूळ कागद वाचायची सवय लागायला वेळ लागतो.

बीए दुसऱ्या विषयात झालं असेल तर एमए इतिहासातच करा. राज्यशास्त्राचं किंवा पुरातत्त्वाचं एमए संलग्न धरायचं की नाही, हे त्या-त्या विद्यापीठाच्या जाहिरातीवर ठरतं. अभ्यासक्रमात लघुप्रबंध आहे का, हे आवर्जून बघा. मुलाखतीत आधी त्याबद्दलच विचारतात.

आणि कागद कुठे आहेत? मुंबई इलाख्याच्या कारभाराची दप्तरं काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. पेशवाईवर काम करायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि ते वाचायला मोडी लिपी. मोडी एमएच्या दोन वर्षांतच शिकून घ्या. पीएचडीच्या नोंदणीनंतरची सहा वर्षं (महिलांना आणखी दोन मिळू शकतात) बघता बघता सरतात.

यूजीसीमान्य दूरस्थ एमए चालतं. नोकरी करणाऱ्यांना तोच मार्ग, पण त्यात प्राध्यापकांशी ओळख होत नाही, आणि ती लागते. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. तुमच्या विषयावर काम करणारं माणूस ज्या विभागात आहे, तिथे एमए केलेलं बरं.

पुढची वाट नेट किंवा विद्यापीठाची पेट. जून २०२४ पासून नेटमध्ये फक्त पीएचडीसाठी पात्र ठरण्याचाही गट आहे; त्यात गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, निकाल एक वर्ष ग्राह्य. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

सोबत ठेवायचं : सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट वा पेटचा निकाल, संशोधन आराखडा, जातीचा दाखला, लागू असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, नोकरीत असाल तर ना-हरकत. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीचं पत्र आपल्या विद्यापीठातून आधीच काढून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर एवढ्यासाठी सांताक्रूझला आणखी एक फेरी पडते.