१२३४५६७८९८७६५४३२१

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग. उलटीकडून वाचली तरी ती तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील स्थाननामांनुसार तिचा डावीकडचा पहिला अंक ‘मध्य’ (१० चा सोळावा घात) या स्थानी पडतो; त्यापुढचे घर परार्धाचे.

१, १२१, १२३२१ अशा या कुळाला गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हटले. डेम्लो हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील स्थानक, म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना त्यांना तिथे सुचली. डेम्लो संख्यांचे मूळ कुटुंब याहून मोठे आहे. २५५३ घ्या: टोकांचे २ आणि ३ मिळून मधला ५ होतो.

वर्ग असा का येतो हे कागदावर लगेच दिसते. उभा गुणाकार मांडला की १११११११११ ची तीच ओळ नऊ वेळा, दर खेपेस एक घर डावीकडे सरकवून, लिहावी लागते. एकंच्या घरात एकच १ येतो, दहंच्या घरात दोन, आणि असे वाढत दशकोटीच्या घरात नऊ. तिथून बेरीज पुन्हा एकेकाने उतरते. कुठल्याही घरात बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळी गंमत या हातच्याच्या अभावात आहे. दहा वेळा १ घेतला की मधल्या घरात १० होतात: ० मांडून हातचा १ डावीकडच्या ९ मध्ये जातो, तिथेही ० उरतो आणि पुढचा ८ वाढून ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, डाव्या बाजूचा ८ गायब. आठच्या पायात (जिथे ० ते ७ एवढेच अंक असतात) ही मर्यादा सात एकांवर येते: १११११११ हा शेवटचा, वर्ग १२३४५६७६५४३२१.

संख्येचे अवयव ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२ असे आहेत, म्हणजे विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो (भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग). म्हणून ती हर्षद संख्याही ठरते. हे नावही कापरेकरांचेच. पहिल्या नऊ वंडरफुल डेम्लो संख्यांपैकी हा मान १, १२३२१ आणि हिलाच मिळतो.

संगणकावर पडताळताना मात्र सांभाळावे. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये भरते आणि १२३४५६७८९८७६५४३०० दाखवते. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतील साधी संख्या शेवटी २० देते, कारण २ च्या ५३व्या घातापुढे त्या साठवणीत विषम पूर्णांक मावत नाहीत. ६४ बिटांच्या पूर्णांक प्रकारात किंवा पायथॉन भाषेत उत्तर अचूक येते.