खरकट्याचा प्रवास: गोठ्यापासून देवनारपर्यंत

शिळी पोळी कुस्करून फोडणीला घालायची, भात ताकात कालवायचा, डाळ-तांदळाचं धोवण आणि भाजीची देठं गुरांच्या आंबोणात, राख नि उरलंसुरलं उकिरड्यावर. जुन्या मराठी घरात अन्न वाया जात नसे ते केवळ संस्कारामुळे नव्हे. उरलेल्याला जायला जागा होती म्हणून. त्याच उकिरड्याला शिस्त लावली ती ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर, दोन-तीन आठवड्यांनी पहिली उलथापालथ, आणखी तीन आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांत खत. आजच्या गच्चीवरच्या कंपोस्टचं मूळ इथे आहे.

शहरात गोठा गेला, चाळीत उकिरडा मावेना. मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारला पडू लागला. युद्धकाळात, 1943 मध्ये, मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं आणि पुढे कित्येक वर्षं टंचाईनेच हात आखडता ठेवला. मग फ्रीज आला. गोदरेजने 1958 साली देशी बनावटीचा पहिला बाजारात आणला. फ्रीजने नासाडी थांबवली असं वाटतं, पण बऱ्याच घरांत ती चार दिवस पुढे ढकलली एवढंच. मागच्या कप्प्यातली वाटी आठवते तेव्हा तिला बुरशी आलेली असते.

कचराभूमीत ओला कचरा हवेविना दबून कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईने अनेक दिवस घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये घनकचरा नियम आले आणि ओला, सुका, घातक असं वर्गीकरण घरावर आलं. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' संस्था 2008 पासूनच दारोदार वेगवेगळा कचरा उचलत होती. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतीय घरांतली नासाडी माणशी वर्षाला 55 किलो धरली आहे. त्यात साली-देठंही येतात, हे आकडा ऐकून दचकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

खत हा शेवटचा मार्ग. आधी भात वाचवावा. शिजवलेला भात पातेल्यातच तासन्‌तास कोमट राहिला की शिजताना तगलेले जिवाणूंचे बीजाणू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून निववावा, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी फोडणीला घालावा. जे खरोखरच टाकायचं, ते निथळून खताच्या डब्यात टाकावं आणि निदान तेवढाच सुका पाला वर घालावा. वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी म्हणून. रश्शाचं तेल डब्यात ओतलं की हवा आणखी कोंडते. अशा वेळी विरजण (खत लवकर व्हावं म्हणून घालतात ते जिवाणूंचं मिश्रण) नव्हे, पाला वाढवावा आणि डबा ढवळावा.